मांसल मुळे : मातीखालची शिदोरी

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हा गेवराई परिसरातील शाळांच्या बागा फारशा पाहण्यासारख्या नसतात. हा भाग गंगथडीचा. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, जायकवाडीचा उजवा कालवाही तालुक्यातून जातो. पण मे महिन्यात शाळेच्या हौदापर्यंत पाणी पोचेलच असे नाही. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरातला, आणि तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. सुटीत पाणी घालायला कोणी नसते आणि हवा चाळीस अंशांच्या वर गेलेली असते. आदल्या वर्षी हौसेने लावलेल्या झेंडू-तेरड्याच्या जागी नुसत्या काड्या उरतात. मात्र पहिले दोन पाऊस पडून गेले, की कुंपणाच्या कडेला गुलबक्षीचे जाड, रसरशीत कोंब जमिनीतून वर येताना दिसतात. तिला उन्हाळाभर कोणी तांब्याभर पाणीही घातलेले नसते.

हीच गुलबक्षी, किंवा तिच्यासारखीच जाड मुळांची शतावरी वा डेलिया, दुसऱ्या एखाद्या शाळेत रोज दोन वेळा पाणी घालूनही पिवळी पडते आणि उपटून पाहिली तर मुळाचा लगदा झालेला असतो. मांसल मुळांची झाडे तहानेने क्वचित मरतात. बहुधा ती कुजून मरतात. असे का होते हे समजले, की त्यांची निगा कशी राखावी ते वेगळे पाठ करावे लागत नाही. शिवाय नववी-दहावीच्या वर्गात वनस्पतिशास्त्राचे दोन-तीन धडे याच झाडांवर शिकवून होतात.

प्रथम मूळ कशाला म्हणायचे ते पाहू. जमिनीखाली असते ते सगळे मूळ, ही समजूत मुलांच्या मनातून सहज जात नाही. बटाटा, आले, हळद, सुरण ही खोडे आहेत. कांदा म्हणजे एक आखूड खोड आणि त्याभोवती गुंडाळलेली मांसल पाने. गाजर, मुळा, बीट, रताळे, शतावरी, डेलिया आणि गुलबक्षी ही मात्र मुळे. ओळखण्याची खूण सोपी आहे. खोडाला पेरे असतात, पेऱ्यापाशी खवल्यासारखे का होईना पान असते आणि त्या पानाच्या बगलेत डोळा असतो. आल्यावरची गोल वळी आणि बटाट्याचे डोळे मुलांना भिंगातून दाखवावेत. मुळावर असे ठरावीक ओळीने येणारे डोळे नसतात. त्याच्या अंगावरून फुटतात त्या बारीक उपमुळ्या. (मुळ्याचा अगदी वरचा, उपमुळ्या नसलेला गुळगुळीत भाग काटेकोरपणे पाहता मुळाचा नसून बीजपत्रांखालच्या खोडाचा असतो. परीक्षेत हे विचारू नये, पण चिकित्सक विद्यार्थ्याने शंका काढली तर ती खरी आहे एवढे जरूर सांगावे.)

डोळे नसणे ही गोष्ट बागेत फार महत्त्वाची ठरते. बटाट्याची डोळा असलेली कोणतीही फोड लावा, झाड येते. डेलियाचे सुंदर, गुबगुबीत मूळ तोडून लावले तर ते महिनोन्‌महिने मातीत तसेच पडून राहील, त्यातून चार तंतुमुळे निघतील, पण कोंब येणार नाही. कारण कोंब देणारे डोळे असतात ते खोड आणि मूळ यांच्या सांध्यावर, म्हणजे झाडाच्या मानेपाशी. मूळ वेगळे करताना या मानेचा तुकडा त्याला लागून आलाच पाहिजे. शतावरीचे तसेच, आणि सफेद मुसळीचेही तसेच. मुसळीच्या एका जातीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम असे आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी बोरिवलीच्या नावावरून ते दिले. २००० सालाच्या आसपास महाराष्ट्रात या मुसळीच्या लागवडीचा बराच गाजावाजा झाला होता. तिच्या बोटांसारख्या मुळ्या बेण्यासाठी सुट्या करतानाही प्रत्येकीला वरच्या चकतीचा थोडा भाग ठेवावा लागतो. नुसती बोटे उगवत नाहीत. याला ठळक अपवाद रताळ्याचा. रताळ्याच्या अंगावर नवे अंकुर कोठूनही उत्पन्न होऊ शकतात. एकादशीला आणलेल्यांपैकी एक रताळे पेल्यात अर्धे बुडवून खिडकीत ठेवले, तर पंधरा-वीस दिवसांत याची खात्री पटते.

आता या शिदोरीत काय असते ते पाहू. पानांनी उन्हात तयार केलेली साखर परिकाष्ठातून खाली येते आणि मुळाच्या पेशींत तिचे न विरघळणाऱ्या किंवा मोठ्या रेणूंत रूपांतर होऊन साठा होतो. जोडीला पाणी. रताळ्याची, गुलबक्षीच्या मुळाची आणि डेलियाच्या मुळाची एकेक चकती कापून तिच्यावर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकावा. पहिल्या दोन चकत्या काळ्यानिळ्या होतात, कारण त्यांत स्टार्च असतो. डेलियाची चकती तशी निळी होत नाही. वर्ग येथे हमखास बुचकळ्यात पडतो, आणि पडू द्यावा. डेलियाचा साठा स्टार्चचा नसून इन्युलिनचा असतो. स्टार्च ही ग्लुकोजच्या रेणूंची माळ, तर इन्युलिन ही मुख्यतः फ्रुक्टोजच्या रेणूंची. १८०४ मध्ये व्हॅलेंटिन रोझ या जर्मन शास्त्रज्ञाला हा पदार्थ इन्युला नावाच्या झाडाच्या मुळात सापडला आणि त्यावरून त्याला हे नाव पडले.

शिदोरी खर्च कशी होते हे दाखवायला मुळ्यासारखे दुसरे झाड नाही. वाफ्यातले चार मुळे उपटायचे ठेवावेत. काही आठवड्यांत उंच दांडा येतो, फुले येतात आणि मग डिंगऱ्या धरतात. डिंगऱ्यांची भाजी घरोघरी होते, पण तेव्हा खाली मुळ्याचे काय झाले हे सहसा कोणी पाहत नाही. उपटून आडवा कापला तर तो आतून स्पंजासारखा भुसभुशीत आणि दोरेदार झालेला आढळतो. साठवलेले अन्न फुलांत आणि बियांत गेले. मुळ्याचे आयुष्य तेथेच संपते. गुलबक्षी, शतावरी आणि डेलिया मात्र साठा खर्च करतात आणि पुन्हा भरतात, म्हणून त्या वर्षानुवर्षे टिकतात. बागेच्या दृष्टीने मोलाची मुळे ती हीच.

मग ती कुजतात का? एका झाडाला दोन प्रकारची मुळे असतात. जाड मुळे साठवणुकीची. पाणी शोषण्याचे काम करतात त्या त्यांच्यावरून फुटणाऱ्या बारीक तंतुमुळ्या आणि त्यांवरचे मूलरोम. झाड वाढीला लागलेले असते तेव्हा या तंतुमुळ्या पाणी ओढतात, पाने ते हवेत सोडतात आणि माती दोन पाण्यांच्या मध्ये थोडी सुकते. झाड विश्रांतीला गेले, पाने वाळली, की बहुतेक तंतुमुळ्याही मरतात. त्यानंतर घातलेले पाणी ओढून घेणारे कोणी उरत नाही; ते मुळाभोवती नुसते साचून राहते. पण मूळ जिवंत असते, त्याचे श्वसन चालू असते आणि त्याला ऑक्सिजन लागतो. मातीतल्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या, की ऑक्सिजनची वाट जवळजवळ बंद होते, कारण पाण्यातून ऑक्सिजनचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. बारीक मुळीच्या मध्यापर्यंत तो कसाबसा पोचतो. मनगटाएवढ्या मुळाच्या गाभ्यापर्यंत कसा पोचणार? तेथल्या पेशी गुदमरून मरतात, त्यांतून साखर बाहेर झिरपते आणि मातीतल्या जिवाणू-बुरशींना आयतेच जेवण मिळते. नाकाला येणारा आंबूस वास त्याचाच.

गेवराई भागातल्या भारी काळ्या जमिनीत हा धोका दुप्पट होतो. या मातीतील चिकणकण पाणी प्याले की फुगतात आणि पोकळ्या बुजवून टाकतात. वाळले की आकसतात आणि जमिनीला भेगा पडतात. म्हणजे पावसाळ्यात हवा कमी, आणि उन्हाळ्यात भेगांमधून गरम वारा थेट मुळाला भिडणार. कालव्याच्या पाझराने जमीन चिबड झाली असेल तर विचारायलाच नको.

उपाय म्हणजे गादीवाफा. जमिनीपासून एक वीत उंच वाफा करून त्यात काळी माती, मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळावे. काळ्या मातीत दोन घमेली वाळू टाकली की ती हलकी होते हा समज चुकीचा आहे. थोड्या वाळूने काहीच साधत नाही आणि पुरेशी टाकायची तर मातीच्या निम्म्याने लागते; गोदेच्या वाळूची हल्लीची कथा वाचकांना ठाऊकच आहे. त्यापेक्षा कुजलेले खत स्वस्त आणि अधिक गुणाचे. त्याने चिकणकणांचे ढेकूळ न होता रवाळ पोत तयार होतो. नदीकाठच्या गावांत पोयट्याची माती मिळते, ती असेल तर निम्मे काम झालेच. मार्चनंतर वाफ्यावर उसाचे पाचट किंवा तुरीचे भुसकट चांगले चार बोटे पसरावे. त्याचा उपयोग किती होतो हे मुलांनी मोजावे. एप्रिलमधल्या दुपारी उघड्या मातीच्या पृष्ठभागावर, पाचटाखाली आणि एक वीत खोल असे तीन ठिकाणी तापमापक ठेवून तासातासाला नोंदी घेतल्या, की मांसल मुळाने उन्हाळ्यासाठी जमिनीखालचीच जागा का पसंत करावी याचे उत्तर आलेखात दिसते.

सुरुवात करायची असेल तर गुलबक्षीपासून करावी. बी फुकट मिळते, जनावरे तिच्या फारशी वाटेला जात नाहीत. जूनमध्ये मिऱ्यांसारखे काळे बी बोटाच्या एका पेराइतके खोल टोकले, की त्याच पावसाळ्यात फुले येतात. पहिल्या वर्षी मूळ गाजराएवढे होते आणि पुढे दरवर्षी जाड होत जाते. पाऊस संपल्यावर आठ-दहा दिवसांनी एक पाणी दिले तर ती आणखी काही काळ फुलत राहते; दिले नाही तर वाळते. वाळली म्हणजे मेली असे समजून उपटू नये. वाळलेला भाग जमिनीपासून चार बोटांवर कापून टाकावा आणि जूनपर्यंत पाणी बंद.

या वेळापत्रकाचा आपल्याकडे आणखी एक फायदा आहे. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतात, काही आईबापांबरोबर जातात. ‘आपले झाड’ म्हणून एकेका मुलाला एकेक रोप वाटून देण्याचा उपक्रम अशा वर्गात अर्ध्यावर मोडतो, कारण मूल परत येते तेव्हा त्याचे झेंडूचे झाड गेलेले असते. गुलबक्षीचे झाड पावसाळ्यात मुलाच्या हाताखाली वाढते, मूल फडावर असते तेव्हा वाळून मातीखाली जाते आणि जूनमध्ये पुन्हा वर येते. फक्त नावाची पाटी पक्की हवी. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरलेले नाव वर्षभर टिकते.

याच झाडाने आनुवंशिकीच्या इतिहासातही मोठे काम केले आहे. मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात आणणाऱ्यांपैकी कार्ल कोरेन्स याने गुलबक्षीवर प्रयोग केले. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या शुद्ध झाडांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सर्व झाडांना गुलाबी फुले येतात. त्या गुलाबी झाडांच्या पुढच्या पिढीत लाल, गुलाबी आणि पांढरी झाडे १ : २ : १ या प्रमाणात मिळतात. १९०९ मध्ये त्याने गुलबक्षीच्याच पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांवरून दाखवून दिले, की काही गुण केवळ मातेकडून, पेशीद्रव्यामार्फत येतात. शाळेत पहिला प्रयोग करण्याजोगा आहे. दुपारी अडीच-तीनच्या सुमारास, त्या संध्याकाळी उमलणारी लाल कळी हलक्या हाताने उघडून तिचे पुंकेसर काढून टाकावेत आणि तिला पातळ कापडाची पिशवी बांधावी. संध्याकाळी पांढऱ्या फुलाचे पराग तिच्या कुक्षीवर लावून पुन्हा पिशवी बांधावी. एका फुलात एकच बी धरते, म्हणून वर्गातल्या प्रत्येकाने एकेक फूल घ्यावे. मूळ मांसल असल्याचा फायदा येथे पुन्हा होतो. वाटाण्याचे झाड हंगामाबरोबर संपते. गुलबक्षीचे आजी-आजोबा, आईबाप आणि नातवंडे तिसऱ्या वर्षी एकाच वाफ्यात शेजारी शेजारी फुललेली दाखवता येतात. बागेतल्या गुलबक्षीत पिवळा आणि चट्ट्यापट्ट्यांचा रंगही फिरत असतो, तेव्हा प्रयोगासाठी एकाच रंगाचे बी देणारी झाडे आदल्या वर्षी निवडून घ्यावीत, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.

शतावरी हे जिल्ह्याच्या दक्षिणेकडील बालाघाटाच्या डोंगररांगांना साजेसे झाड, पण गंगथडीच्या कुंपणावरही उत्तम चढते. तिची सुईसारखी हिरवी पाने ही खरे तर पाने नव्हेत, त्या बारीक फांद्या आहेत. खऱ्या पानांचे काटे आणि खवले झाले आहेत. म्हणजे वर पाणी वाचवायची व्यवस्था आणि खाली साठवायची. मुळांचा झुबका जमिनीत चांगला खोल जातो. एक ताजे मूळ तोडून वजन करावे, उन्हात ठेवून रोज त्याच वेळी पुन्हा वजन करावे. आठवडाभरात वजन किती उतरते हे पाहिल्यावर ‘शिदोरी’पेक्षा ‘पखाल’ हा शब्द मुलांना अधिक पटतो. औषधासाठी मुळे काढायची असल्यास एका बाजूने खणून काही मुळे घ्यावीत आणि मानेसह उरलेला झुबका पुन्हा मातीआड करावा. अख्खे झाड उपटणाऱ्याला पुढच्या वर्षी काही मिळत नाही.

डेलियाची गोष्ट थोडी निराळी, कारण त्याचे बाडबिस्तर दरवर्षी हलवावे लागते. तो मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. तेथून बी माद्रिदला गेले आणि १७९१ मध्ये काव्हानिलेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिनियसचा शिष्य अँडर्स डाल याच्या नावावरून त्याचे नामकरण केले. मेक्सिकोतही आपल्यासारखाच उन्हाळ्याच्या मध्यापासून पाऊस आणि हिवाळा कोरडा, पण उंचीमुळे आपल्या एप्रिल-मेसारखी काहिली नाही. म्हणून आपण तो हिवाळ्यात फुलवतो. सप्टेंबर सरता सरता मानेसकट मूळ किंवा कोवळ्या फांदीचे कलम लावावे, पऱ्हाटीचा आधार द्यावा. डिसेंबर ते फेब्रुवारी फुले मिळतात. दिवस बारा तासांहून लहान झाला की डेलियाची मुळे फुगू लागतात, तेव्हा या काळात पाने निरोगी राखणे म्हणजेच पुढच्या वर्षाचे बेणे तयार करणे. नत्राचे खत फार देऊ नये. पाला माजतो आणि मुळे बारीक राहतात.

इंग्रजी बागकामाची पुस्तके सांगतात, की पहिले हिम पडले की डेलिया खणून काढा. गेवराईत हिमाची वाट पाहत बसणाऱ्याचा डेलिया मार्चमध्ये वाळून जूनच्या पावसात कुजेल. आपल्याकडे शत्रू दोन : आधी उन्हाळ्याची धग आणि मग पहिल्या पावसाची ओल. पाने पिवळी पडू लागली की पाणी थांबवावे, आठवड्याभराने खोड वीतभर ठेवून कापावे आणि कुदळ झाडापासून हातभर दूर मारून सगळा झुबका अखंड उचलावा. मान मोडलेली मुळे बेण्याच्या कामाची नाहीत. झुबका धुऊ नये. माती झटकून दोन-तीन दिवस सावलीत सुकवावा. जखमांवर बुचासारखा थर धरतो आणि बुरशीला वाट मिळत नाही. कापलेल्या जागी चुलीतली कोरडी राख लावण्याची जुनी पद्धत चांगली आहे, तिने पृष्ठभाग कोरडा राहतो. नंतर तडा गेलेल्या माठात कोरडी माती किंवा भुसकट घालून त्यात झुबके मांडावेत आणि माठ वर्गाच्या थंड कोपऱ्यात ठेवावा.

घरात किंवा कार्यालयात कुंडीत वाढणाऱ्या, हिरव्यापांढऱ्या पट्ट्यांच्या स्पायडर प्लांटलाही पांढरी मांसल मुळे असतात, तो मुसळीचाच भाऊबंद. अडेनियमचे फुगलेले बूडही याच जातीचे प्रकरण. दोघांनाही नियम तोच : बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी, आणि थंडीत त्याहून कमी.

एक सूचना मात्र वर्गात स्पष्ट द्यावी. जमिनीखाली फुगलेले असते ते खाण्याचे, असे मुलांना वाटते. गुलबक्षीचे बी आणि मूळ दोन्ही विषारी आहेत, अडेनियमचा चीकही विषारी आहे. पावसाळ्यात कुंपणावर लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी तर प्राणघातक आहे. तिचा नांगराच्या फाळासारखा कंद (तो मूळ नव्हे, खोड) कोल्चिसिन या विषाने भरलेला असतो. शाळेच्या बागेत कळलावी लावू नये. आपोआप उगवलीच तर मोठ्या माणसाने हातमोजे घालून कंदासकट काढावी.

माठातल्या डेलियाकडे मे महिन्यात एकदा डोकावावे लागते. मुळे सुरकुतली असतील तर भुसकटावर पाण्याचा हलका हबका पुरे; मऊ पडलेले मूळ दिसल्यास तेवढेच कापून फेकावे आणि बाकीची पुन्हा सुकवून ठेवावीत. पावसाळ्यात माठ ओल येणार नाही अशा ठिकाणी, शक्यतो फळीवर चढवावा. ऑगस्टच्या शेवटी मानेपाशी टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी-हिरवे डोळे दिसू लागतात. तेव्हा प्रत्येक मुळाला निदान एक डोळा येईल अशा बेताने धारदार सुरीने झुबका विभागावा, फोडी दोन दिवस सावलीत सुकवाव्यात आणि गादीवाफा तयार करायला घ्यावा.